फरशीवरून

त्या रात्री त्याचं वजन चौऱ्याहत्तर किलो होतं,
न्हाणीच्या दारात, अर्धा आत, अर्धा बाहेर.
काखेत हात घालून मी ओढलं.
नुसतं ओढलंच. तो हलला नाही.
पाचवा मजला, लिफ्ट नाही,
ऑगस्ट, खालचे सगळे समुद्रावर गेलेले.
मग मी शेजारी फरशीवरच बसले,
एक उशी त्याला, एक मला,
आणि अँब्युलन्सवाले जिने चढून येईपर्यंत
गौदेन्झिओनं मला छतावरचा ओलीचा डाग दाखवला:
"सार्डिनियासारखा दिसतो ना?"
पन्नास मिनिटं आम्ही सार्डिनिया बघत होतो.

एकतीस वर्षं मी जेनोवाच्या पायऱ्यांवर टपाल वाटलं.
पिशवी सकाळी भरलेली, दुपारी रिकामी.
वाटायचं, ताकदही अशीच असणार,
वाटत गेलं की संपते,
आणि पेन्शन म्हणजे पिशवी खुंटीला लावणं.
उतारवय म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी उतार पाहिलेला नसावा.
गुडघ्यांना विचारा: चढताना फक्त दम लागतो,
उतरताना दर पायरीला
स्वतःलाच झेलावं लागतं.

सप्टेंबरात गेले बंदरामागच्या तळघरात.
पूर्वी तिथे खारवलेली मासळी ठेवत,
दमट दिवसांत भिंतींना अजून वास सुटतो.
विल्मर, वय सव्वीस, मूळचा इक्वेडोरचा,
म्हणाला, बाई, ध्येय काय? बारीक व्हायचंय?
म्हटलं, चौऱ्याहत्तर किलो. फरशीवरून.
त्यानं वहीत लिहिलं. का, ते विचारलं नाही.
आणि पहिल्या दिवशी हातात दिला झाडूचा दांडा.
झाडूचा!
हा तर घरी आहे, म्हटलं, फुकट.
"कमरेतून वाका, पाठ सरळ,
दोन्ही हातांत सामान आहे असं समजा
आणि ढुंगणानं मोटारीचं दार लावा."
आठवडाभर मी मोटारींची दारं लावत होते.

मग दहा किलो. मग वीस.
मग अख्खा हिवाळा काहीच सरकलं नाही,
आधी खोकला, नंतर बहिणीचं दुखणं,
वही पंचविसावर अडून बसली.
मांड्या अशा भरून यायच्या
की कमोडवरून उठताना मी एकेका संताचं नाव घ्यायचे.
एक दिवस कुणाचंच न घेता उठले,
ते लक्षात आलं हात धुताना.
तसंच ऑलिव्हच्या बरणीचं.
बोलता बोलता मी झाकण फिरवलं,
आणि गौदेन्झिओ, पंचेचाळीस वर्षं या घरातल्या बरण्या उघडणारा,
बरणीकडे बघत राहिला.
त्या दिवशी मला जरा वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो दोनदा पाहिला.
"घसरण थांबलीय," म्हणाल्या.
माझं लक्ष दुसऱ्याच घसरणीकडे:
तो एकाहत्तर. सदुसष्ट. नव्या गोळीनंतर बासष्ट.
वहीतले आकडे चढत होते,
न्हाणीतल्या काट्यावरचे उतरत होते,
अरुंद जिन्यात समोरासमोर येणाऱ्या दोन माणसांसारखे.
अठ्ठावन्नवर गाठ पडली. मार्चमधला मंगळवार.
दांडा जमिनीवरून सुटला, नडग्या खरवडत वर आला,
विल्मर टाळ्या वाजवायला लागला.
गप्प बस, म्हटलं.
तसाच धरून उभी राहिले.
एवढाच का तो आता.

जूनमध्ये पुन्हा पडला, स्वयंपाकघरात, आवाज न करता.
दांडा म्हणजे माणूस नव्हे.
दांड्याला कोपरं नसतात, लाज नसते.
खुर्ची ओढली. आधी कुशीवर, मग त्याचे गुडघे,
मग माझे हात, पाठ सरळ, मोटारीचं दार,
आणि आम्ही दोघं उभे,
वाजंत्री सुरू व्हायची वाट बघत
नाचणारी जोडी थांबते तसे.
"सोड आता," तो कानाशी म्हणाला, "सूप लागतंय."

लागलंच होतं तळाला.
दोघांनी दोन-दोन वाट्या घेतलं.