डावखुरं टेबल

सेलूच्या स्टेशन रोडला, बंद शिलाईच्या दुकानात
अब्बांचं कापड बेतायचं टेबल
चार विटांवर चढवलं, कंबर वाकू नये म्हणून.
कडेला त्यांनी खिळ्यानं कोरलेले इंच
आता खोके मोजतात.

डावीकडे कारळाच्या चटणीची पाकिटं, मग काटा,
मग चिकटपट्टी, उजव्या टोकाला पत्त्याची लेबलं.
सहा पावलांची दोन झाली.
मी खूश.

तहेसीन मात्र गप्प. तासाला नऊच पार्सलं.
तिसऱ्या दिवशी, मान खाली घालून:
भाभी, मी डावखुरी.

सगळं उलटं मांडलं.
आता मी पलीकडे उभी,
तिच्यासमोर, आरशातल्यासारखी.

कात्री तेवढी अब्बांचीच राहिली, उजव्या हाताची.
तिच्या बोटांत ती बसत नाही.
पट्टी ती ताणते,
मी कापते.