सकाळी आठच्या आत

धंतोलीच्या लॅबमधली पोरगी म्हणाली,
काका, आठच्या आत या,
नंतर ते रक्तातलं उतरत जातं.
उतरतं म्हणजे कसं, मी विचारलं नाही.
पाचपावलीला आमच्या भट्टीवर
सकाळी रश्श्यावर बोटभर तर्री असते,
दुपारपर्यंत गिऱ्हाईक वरवरची ओरपून नेतं.
तसंच असावं.

नडगीवरची जखम सात आठवड्यांची.
गंजाचा काठ लागला, एवढंच.
याच पायावर एकदा उकळतं तेल सांडलं होतं,
पंधरा दिवसांत खपली पडली,
दिवाळीला तर डागही सापडेना.
आता गुंफा रोज पट्टी सोडते,
पाहते,
पुन्हा बांधते.
साखर नाही. दोनदा तपासली.

आणि पोट.
तीस वर्षं लवंग, काळीमिरी, दगडफूल कुटणाऱ्याचं पोट!
दोन घास गेले की रात्रभर
भिजल्या पोत्यासारखं पडून राहतं.
स्वतःच्या हातचं मटण मी हल्ली
चवीपुरतं जिभेवर ठेवतो
आणि मोरीत थुंकतो, पोरं वाटण करत असताना.

रिपोर्टात एकच आकडा ठळक.
डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले,
टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, हेडाऊ.
मग जखम? मग पोट?
असू शकतं, म्हणाले,
मांस भरून यायला ते लागतं,
पोटाच्या चालीवरही परिणाम होत असेल,
पण खात्रीनं...
आणि थांबले.
त्यांचं ते थांबणं मला आवडलं.

आमच्याकडे लोक मिशीला पीळ देऊन झणझणीत मागतात,
नाकातोंडातून पाणी आलं तरी वाटी पुढे सरकवतात,
मर्द आहे म्हणतात.
तीस वर्षं मी त्यांना ती वाटीवाटीनं विकली.
आणि माझी कुठे होती,
तर खपलीखाली, गुपचूप,
आजा मागावर बसायचा तशी मान खाली घालून,
तुटला धागा की थुंकी लावून वळणारी.
कधी उठून गेली, कळलं नाही.

गुंफाला सांगायला रात्र झाली.
आकडा ऐकून ती म्हणाली,
"मले काय सांगून राहिले? पायाले सांगा."
आणि मुगाची खिचडी वाढली, फिकी,
वर थोडं तूप.
ती मात्र पचली.

उद्या पुन्हा रक्त द्यायचंय,
एका आकड्यावर डॉक्टर भरवसा ठेवत नाहीत.
पहाटे दिव्याखाली पट्टी सोडून गुंफा म्हणते,
काठाला गुलाबी आलंय, पाहा.
मी चष्मा लावतो.
मला दिसत नाही.
सात वाजून गेलेत, ती म्हणते, स्कूटर काढा.