आठवा आठवडा

कालपर्यंत बुंदी मागाखाली झोपायची,
वर धोटा खडखडत असताना.
आज निळी बादली दिसली
आणि शेपूट पोटात घालून भिंतीला चिकटली.
बादली तीच, नळ तोच,
वडगावचा, आठ दिवसांनी येणारा.

मी तिला उचलून बादलीपाशी नेत होतो,
“बघ, कुठं काय आहे?” म्हणत.
ओट्यावरून ईरव्वा ओरडली,
“ओढू नको रे! भिऊलालंय ते.
दोन महिन्यांचं पिल्लू,
आत्ता बसलेली भीती धुऊन जात नाही.”
मग कन्नडमध्ये, तिलाच, हळू:
“हेदरब्याड, मगा.”

मी माग बंद केला.
बादलीपासून चार हात लांब बसलो, पाठ करून,
मुठीत भाकरीचा तुकडा.
तुटलेला धागा दिवसातून वीसदा सांधतो मी;
ओढला की आणखी मागून तुटतो,
एवढं हाताला माहीत होतं,
मला नव्हतं.

बऱ्याच वेळाने कोपराला ओलं नाक लागलं.
बादलीकडे ती अजून बघत नव्हती.

वयात येताना हे पुन्हा येतं, म्हणते ईरव्वा.
तेव्हा छत्री असेल,
कुणाची टोपी,
कदाचित मीच.