मिठाएवढी चूक

नार्व्याहून दिवाडीला रात्री होडी जात नसे.
एकदाच गेली. फोंडू तारी वल्हं पाण्यात असं घालत होता
की झोपलेल्याच्या उशाखालून किल्ली काढावी.
बाबांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं घटिकापात्र,
माझ्या मांडीवर त्याचं जुळं,
आणि पलीकडच्या शहरात दिवेच दिवे.
तिथं कुणाला हे तांबं दिसतं
तर त्याला देव म्हणून त्यांनी ते वितळवलं असतं.

टेकडीवर पाद्री सिमांव एकटाच.
त्याचं लोखंडी घड्याळ इथल्या हवेनं खाल्लेलं,
काटा दोन पावसाळे सातावर अडकून.
"मला नुसता वेळ हवाय," तो मोडक्या कोकणीत म्हणाला, "मंत्र नको."
"बुडायला त्याला मंत्र लागत नाही," बाबा म्हणाले.

पंचांगात स्पर्श तेरा घटकांवर.
त्याच्या छापील कोष्टकात सोळा.
दोघे आपापल्या कागदावर बोट ठेवून बसले,
सोयरिकीला आलेल्या दोन घराण्यांसारखे.
चंद्र कुणाकडचाच नव्हता.

मी विहिरीवरून पाणी आणलं. भांडं सोडलं.

तेरावं बुडालं. चंद्र चोख.
चौदावं बुडालं. बाबांनी पोथी मिटली.
पंधरावं अर्ध्यावर असताना
डाव्या कडेला कुणीतरी काजळाचं बोट लावलं.
नार्व्याच्या काठावर आरोळी उठली, दे दान, सुटे गिराण,
बाबा आंघोळीला उठले,
भांड्याकडे पाहिलं
आणि परत बसले.

सिमांवचं कोष्टक चुकलं होतं आणि तो हसत होता.
चुकलेला माणूस हसतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.
त्यानं चूक लिहून घेतली, जपून, पोर मांडीवर घ्यावं तशी.
म्हणाला, "लिस्बनलाही हाच चंद्र. तिथं आत्ता दिवेलागण.
तिथंही कुणी मोजत असेल.
दोन वेळांमधलं अंतर म्हणजे घर किती लांब.
तुमची वेळ कमी भरली, की तुमचं गाव मावळतीकडे सरकलं."
"घर" म्हणताना तो जरासा अडला होता.

पत्र गलबतानं गेलं.
सिमांव पुढच्या पावसात तापानं गेला.

आता सांगते.
त्या रात्री हात ओला होता, तो ओठाला लागला.
पाणी खारट होतं.
खाजनाचा बांध फुटला होता त्या वर्षी, विहिरी बाटल्या होत्या.
मला कळलं, आणि मी बोलले नाही. कशाला बोलू?
पाणी ते पाणी.

अवसेला घरचे निजल्यावर परसात दोन घंगाळं मांडली.
एकात आमच्या विहिरीचं, दुसऱ्यात मांडवीच्या भरतीचं.
दोन्ही भांडी एका दमात सोडली.
विहिरीतलं आधी बुडालं.
मग मी श्वास मोजले: तीन, आणि चौथा अर्धा.
भांडंच खोटं असेल, म्हणून अदलाबदल केली.
पुन्हा खारं मागे.
सात रात्री खारं मागे.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "पोथीत नाही."
बराच वेळ वात सारखी करत राहिले.
मग म्हणाले, "लिहून ठेव."
मला कुठे येतं लिहायला?
गोठ्याच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढल्या,
साडेतीन, साडेतीन, एकदा चार.
त्या रात्री वासरू ओरडत होतं, चारची रेघ तरीही पुसली नाही.

आता कुठल्याशा थंड गावात
कुणी शाईनं आमचा किनारा काढत असेल
आणि माझ्या गप्प बसण्याएवढं गोवं
मावळतीकडे सरकलं असेल,
त्यांच्या घंटा, आमची मोडलेली देवळं,
फोंडूची होडी, सिमांवची माती,
सगळं काही कोस समुद्रात.

कुणाचे पाय भिजले नाहीत.
पण किती ते मला ठाऊक आहे.
भांड्यामागे साडेतीन श्वास.