सात नंबर

दुर्बीण हवी तर गाडीची किल्ली ठेवा,
अर्डेलबाई म्हणतात. तीस वर्षं
मिलवॉकीत सिटी बस चालवली त्यांनी;
आता काउंटरमागे त्या
आणि पेंढा भरलेलं एक घुबड.

पायवाट पाऊण मैलाची.
पलीकडे बंद कातडी कारखान्याची भिंत,
अलीकडे नदी, गढूळ, आपल्याच नादात.
नकाशात सात नंबरला अॅशचं झाड आहे.
वाटेवर नाही.
किड्यानं पोखरलं, मार्चमध्ये पाडलं.
नकाशांची दोन खोकी मात्र अजून शिल्लक.

शाळेची रांग येते, मोजत, ओरडत:
पाच... सहा...
ओटिस नावाचं एक पोरगं
खुंटावर चढतं, हात फांद्यांसारखे पसरतं
आणि हलत नाही.

मिस नोवाक हाका मारतात.
पुन्हा मारतात.

झाड कशाला ओ देईल?