बाकी

वडील गेल्यावर वाटणी झाली.
थोरल्या एंडेलला राईचं शेत,
धाकट्या काउपोला होडी आणि जाळी.
मिल्वीला उरलं ते:
दीपगृहावरची नोकरी, एक स्टोव्ह
आणि दिव्याच्या नोंदवहीची कोरी पानं.

हिउमा बेटाभोवती जानेवारीत समुद्र गोठतो.
जहाजं नाहीत, म्हणून दिवा नाही,
दिवा नाही, म्हणून नोंद नाही.
कोऱ्या पानावर तिनं एक उभी रेघ ओढली.
शेजारी आणखी एक.
खिडकीतून धक्क्याचे खांब दिसत होते, बर्फात रुतलेले,
तेवढ्या रेघा झाल्यावर थांबली.

अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख
अकरा हजार एकशे अकरा.
मोठ्यानं म्हटलं की वाटतं
कुणीतरी जिना चढून येतंय,
शेवटच्या पायरीवर जरासं अडखळत.

हिची वाटणी होते का कुणाकडून?
दोनानं नाही, तिनानं नाही,
पाचाचं तर नावच नको.
शाळेतल्या ताव्हेट मास्तरांची चिठ्ठी आली
घसरगाडीवरून, रॉकेलच्या डब्यासोबत:
बावीसच्या पाढ्यात एक मिळव,
भाजक असलाच तर तिथे राहतो.
बाकीची दारं ठोठावू नकोस.
का, ते लिहिलं नव्हतं.
फेब्रुवारीत तिचं तिलाच कळलं, हेरिंग साफ करताना,
आणि सुरी हातात तशीच राहिली.

तेवीस. बाकी दहा.
पंचेचाळीस सोडा, ते पाचाचं पोर.
सदुसष्ट. बाकी अठरा.
एकोणनव्वद. बाकी सहा.
हातचा विसरायचा, पान खोडायचं, पुन्हा मांडायचं.
शंभरावा भाजक. दीडशेवा. दोनशेवा.
दर वेळी काहीतरी उरायचंच
आणि त्या उरण्यानं ती सुखावायची.
"अजून उभी आहे," स्टोव्हला सांगायची.

मार्च सरता सरता, एका रात्री,
एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.
बाकी शून्य.

(बाहेर बर्फ तडकला, असं लिहायचा मोह होतो.
तो आठवडाभर आधीच तडकला होता;
वर दिवा जळत होता, नोंदी सुरू झाल्या होत्या.)

तिनं उलटा गुणाकार केला, दोनदा.
अकरा रेघा परत आल्या, एकही वाकडी नाही.
दुसरा वाटा पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.
तो आणखी फुटतो का, हे बघावं लागलं नाही:
फुटणारा असता, तर त्याचा धाकटा तुकडा
तिला वाटेत केव्हाच भेटला असता.
दोन वाटे, एक लहान, एक मोठा,
आणि मागे कुणीच उरलेलं नाही.
ती बराच वेळ ते शून्य बघत बसली.
थोडा रागही आला तिला, कुणाचा ते कळेना.

सकाळी काउपो डांबर मागायला आला.
"हिवाळाभर काय केलंस?"
"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास."
"काय, मासे?"
"लक्षात ठेव फक्त."
तो डबा घेऊन धक्क्यावरून निघाला, पुटपुटत,
मग खांबांच्या मधोमध थांबून ओरडला,
"सहाशे पन्नास ना?"

"एक कमी," ती वरून म्हणाली.
वारा उलटा होता.
"एक कमी!"