पातळी

एकतीस वर्षं होळकर पुलाच्या पट्टीवर
मी पाण्याचा आकडा वाचला.
रात्री दोनला, टॉर्चच्या उजेडात,
फूट, इंच, खाली सही.
एकदाही खोटा लिहिला नाही.
हे मी कुणाला सांगत नाही, कुणी विचारतही नाही.

आता पट्टी दंडाला.
सकाळी सहाला, चहाच्या आधी,
पाठ टेकून, पाय जमिनीवर, गप्प.
फुगते, आवळते, सुस्कारा टाकते.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
वहीत लिहिलं : एकशे अडतीस.

रविवारी शर्वरी येते, वही बघते,
तिच्या कपाळावरचं ओसरतं.
तेवढ्यासाठी.

गंगापूर रोडच्या चोपडाबाई वही बघत नाहीत.
स्वतः मोजतात, दोन्ही दंडांना, तीनदा.
"तीन गोळ्या चालू असून एवढं? काका, चुकते कुठली?"

चुकते ती पाण्याची.
सटाण्याला लग्न होतं, एसटी मध्ये थांबत नाही;
मग वणी, मग रामकुंडावर कुणाचा दहावा.
या वयात आडोसा शोधत फिरायची लाज
कुठल्याच यंत्रावर दिसत नाही.
आणि गुडघ्यासाठी ती लाल गोळी,
मेडिकलवाला पट्टीतून कापून देतो,
तीही सांगून टाकली.

बाई रागावल्या नाहीत. लाल बंद.
पाण्याची, बाहेर जायचं तर घरी आल्यावर, पण घ्यायचीच.
शिवाय चौथी, अर्धी. आठवड्याने रक्त तपासायचं.
म्हटलं, त्यापेक्षा एकच जोराची द्या की.
"तुम्ही पाटबंधारे खात्यातले ना?" एवढंच म्हणाल्या.

जिना उतरताना थेटे आठवला, धरणावरचा.
एक दार सताड उघडलं तर घाटावरच्या टपऱ्या जातात.
तो तिसरं अर्धा फूट उचलायचा, मग पाचवं,
मग विडी, मग सातवं.
आणि तरी एखाद्या साली
पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागायचंच;
मधले नाले थेटेच्या हातात नव्हते.

रात्री वही काढली.
खोडलं काही नाही, खात्यात खाडाखोड चालत नसे.
शेजारी खरे आकडे लिहिले, मला पाठ होते,
प्रत्येकाखाली सही.
शर्वरीला फोन केला. ती बराच वेळ
नुसती ऐकत राहिली.

आज विसावा दिवस. एकशे बावन्न.
मारुतीच्या गुडघ्याला आहे अजून.
लिहिलं, पेनाला टोपण लावलं, आणि उठलो;
पाण्याच्या गोळीनं हाक मारली होती.